बर्लिनला निघताय? आधी पत्ता, मग घर

पत्राचा सारांश: पुण्यात कोथरूडला राहणाऱ्या, आयटी क्षेत्रातल्या एका वाचक भगिनीला बर्लिनमध्ये नोकरी मिळाली आहे. सप्टेंबरच्या सुरुवातीला रुजू व्हायचंय. हातात महिन्याला साधारण ३,९०० युरो पडतील असं कंपनीने सांगितलंय. नवऱ्याची नोकरी पुण्यात आहे आणि मुलगी सात वर्षांची. घरच्यांचं, विशेषतः सासूबाईंचं म्हणणं असं, की घर पक्कं झाल्याशिवाय तिकीट काढायचं नाही आणि जायचं तर तिघांनी एकदम जायचं. गेले दोन महिने रोज रात्री जेवणं उरकली की त्या घरांच्या वेबसाइटवर बसतात. ऐंशीएक अर्ज झाले, उत्तरं जेमतेम तीन. त्यातलं एक घर मनात भरलंय: मिट्टे या अगदी मध्यवस्तीतल्या भागात, ७५ चौरस मीटर, फर्निचरसकट, वीज आणि हीटिंग धरून ८५० युरो. मालक कामानिमित्त स्पेनमध्ये असतात. दोन महिन्यांचं डिपॉझिट आणि पहिलं भाडं मिळून २,५५० युरो पाठवले की किल्ली कुरियरने येईल म्हणतात. पासपोर्टची प्रतही मागितली आहे. नवरा म्हणतो, घेऊन टाकू, नाहीतर हेही हातचं जाईल. त्यांचं स्वतःचं मन मात्र धजत नाही. त्या विचारतात: मुलीला घेऊन परक्या शहरात तात्पुरत्या जागेत दिवस काढायचे का? आणि आपली माणसं तिथे कुठल्या भागात राहतात?

नमस्कार,

आधी तातडीचं सांगते. स्पेनमधल्या त्या मालकांना एक युरोही पाठवू नका. तुमचं मन धजत नाही, ते अगदी बरोबर आहे. मिट्टेमध्ये फर्निचरसकट ७५ चौरस मीटर, सगळं धरून ८५० युरोंना मिळत नाही. तशा घराचं भाडं सहसा दीड हजाराच्या बरंच वर असतं. मालक परदेशात, घर दाखवायला कोणी नाही, पैसे आधी आणि किल्ली कुरियरने, ही फसवणुकीची ठरलेली रीत आहे. अजून शहरात न पोचलेल्या माणसांसाठीच ती रचलेली असते. फोटो खऱ्या घराचे असतात, पण घर दुसऱ्याच कुणाचं असतं. कधी कधी सही-शिक्क्याचा करारसुद्धा येतो. खात्री करायची असेल तर त्यांना एवढंच लिहा: माझी बर्लिनमधली सहकारी शनिवारी घर बघायला येईल, दार कोण उघडेल? सरळ उत्तर येणार नाही. पासपोर्टची प्रत अजून दिली नसेल तर देऊ नका. दिली असेल तर सगळा पत्रव्यवहार जपून ठेवा, त्या वेबसाइटला कळवा आणि बर्लिन पोलिसांकडे ऑनलाइन तक्रार नोंदवा. तुमचा पासपोर्ट दाखवून तुमच्याच नावाने पुढच्या माणसाला गंडवता येतं, म्हणून हे करायचं. यजमानांनाही सांगा, हातचं जाण्यासारखं तिथे काही नव्हतंच.

आता त्या ऐंशी अर्जांबद्दल. उत्तरं आली नाहीत, यात तुमचं काही चुकलेलं नाही. बर्लिनमध्ये बऱ्या भाड्याच्या घराची जाहिरात लागली की काही तासांत शेकडो अर्ज येतात. मालक किंवा त्याची व्यवस्थापन कंपनी त्यातल्या मोजक्यांना घर बघायला बोलावते, आणि तिथेही जिन्यापर्यंत रांग असते. ज्याला बोलावलं तर उद्या संध्याकाळी सहाला येऊन उभा राहील, असा माणूस त्यांना हवा असतो. पुण्यातून आलेला अर्ज कितीही चांगला असला तरी तो ढिगात खाली जातो. म्हणजे जे काम पुण्यात बसून जवळपास होतच नाही, ते झाल्याशिवाय निघायचं नाही असं तुमच्या घरी ठरलंय. ही अट घरच्यांनी काळजीपोटीच घातली आहे, पण तुम्हाला त्या स्पेनच्या माणसापर्यंत नेलं ते याच अटीने.

शहराला तुमच्याकडून आधी घर नको असतं, पत्ता हवा असतो. राहायला गेल्यापासून दोन आठवड्यांत तिथल्या नागरी कार्यालयात, म्हणजे ब्युर्गरआम्टमध्ये, पत्त्याची नोंद करावी लागते. तिला आनमेल्डुंग म्हणतात. नोंद झाली की काही आठवड्यांत टॅक्स नंबर पोस्टाने त्याच पत्त्यावर येतो. तो नसेल तर पगारातून कर चढ्या दराने कापला जाऊ शकतो. बँकेतलं खातं, निवासाचा परवाना, मुलीची शाळा, सगळीकडे हा नोंदीचा कागद मागतात. नोंदीसाठी, तुम्हाला राहायला जागा दिली आहे असं जागा देणाऱ्याने सही करून लिहून द्यावं लागतं. त्या कागदाचं नाव लांबलचक आहे, वोनुंग्सगेबरबेश्टेटिगुंग, पण ते लिहून ठेवा, कारण जागा ठरवताना हाच शब्द वापरून विचारायचंय. ब्युर्गरआम्टची वेळ ऑनलाइन घ्यावी लागते आणि ती सहज मिळत नाही. तुमच्या भागातलंच कार्यालय हवं असं नाही, बर्लिनमधलं कुठलंही चालतं. राहण्याची जागा ठरली की पुण्यातूनच वेळ शोधायला लागा.

म्हणून पुण्यातून शोधायचं ते कायमचं घर नव्हे. दोन-तीन महिन्यांची, फर्निचर असलेली, नोंदणी करू देणारी जागा शोधा. ती इथून मिळते. पहिला फोन तुमच्या कंपनीच्या एचआरला करा. परदेशातून माणूस बोलावणाऱ्या बऱ्याच कंपन्या पहिल्या एक-दोन महिन्यांची जागा देतात किंवा तिचा खर्च उचलतात, मात्र कित्येकदा मागितल्याशिवाय सांगत नाहीत. करारावर सही झाली असली तरी विचारायला हरकत नाही. ते जमलं नाही तर स्वयंपाकघरासह महिन्याच्या बोलीवर मिळणारे सर्व्हिस अपार्टमेंट असतात. तिसरा मार्ग म्हणजे काही महिन्यांसाठी बाहेरगावी जाणारी बर्लिनची माणसं आपलं राहतं घर दुसऱ्याला देतात, तसं घर. हे सगळ्यांत स्वस्त पडतं, पण इथे लेखी विचारा: आनमेल्डुंग करता येईल का, मूळ घरमालकाची परवानगी आहे का, आणि तो सहीचा कागद कोण देणार. "नोंदणी शक्य नाही" असं उत्तर आलं तर जागा कितीही छान असली तरी सोडून द्या. नोंदणीपुरता पत्ता पैसे घेऊन देणारेही भेटतील. त्यांच्या वाटेला जाऊ नका. ते बेकायदा आहे आणि दंडही जबर आहे.

आता तुमच्या पत्रातला अवघड भाग. तिघांनी एकदम जायचं की तुम्ही आधी एकटीने?

तिघं एकदम गेलात तर मुलीला आईपासून लांब राहावं लागणार नाही, आणि हे मोठंच सुख आहे. पण त्याची दुसरी बाजू बघा. बर्लिनमध्ये सरकारी प्राथमिक शाळा घराच्या पत्त्यावरून ठरते. सप्टेंबरमध्ये तात्पुरत्या जागेच्या पत्त्यावर शाळा मिळेल. जर्मन न येणाऱ्या मोठ्या मुलांसाठी 'स्वागतवर्ग' असतात, पण तिच्या वयाच्या मुलांना सहसा नेहमीच्याच वर्गात बसवतात. डिसेंबरमध्ये शहराच्या दुसऱ्या टोकाला घर मिळालं तर शाळा बदलायची वेळ येऊ शकते. सात वर्षांच्या मुलीला नवी भाषा शिकताना तीन महिन्यांत दोनदा नव्या बाई आणि नव्या मैत्रिणी, हे मला तात्पुरत्या खोलीपेक्षा जास्त जड वाटतं. शिवाय ऑफिस सांभाळून घरं बघायला जायचं, तेव्हा तिला कुणाकडे ठेवणार? यजमानांची नोकरी पुण्यात आहे, त्यांचा आणि मुलीचा व्हिसा व्हायलाही वेळ लागणारच.

म्हणून माझं मत असं, की तुम्ही पुढे व्हा आणि दिवाळीच्या सुट्टीच्या आसपास किंवा सहामाही संपल्यावर त्या दोघांनी यावं. हे वाचून तुमच्या पोटात खड्डा पडेल, मला कळतंय. एक गोष्ट मात्र घरात सगळे बसलेले असताना विचारून बघा. हीच नोकरी यजमानांना लागली असती तर काय ठरलं असतं? बहुधा, "तू जा, जम बसव, मग आम्ही येतो," असं कुणीतरी म्हणालं असतं आणि त्यात कुणाला वावगं वाटलं नसतं. कोकणातून मुंबईला गेलेल्या पिढ्या अशाच गेल्या, आधी एक जण आणि मागून बाकीचे. या वेळी पुढे जाणारी आई आहे, म्हणून ते सोडून जाणं ठरत नाही. मुलगी वडिलांजवळ, आजीजवळ, स्वतःच्या शाळेत असेल. रोज संध्याकाळी बोलायला वेळेचा फरकही फार नाही, उन्हाळ्यात साडेतीन तास आणि हिवाळ्यात साडेचार.

पण हा निर्णय हिशेबाचा नाही. तुम्हाला दोघींना एकमेकींशिवाय राहवणारच नसेल तर तिघं जा, त्यातही चूक नाही. मग तात्पुरती जागा तीनऐवजी सहा महिन्यांची घ्या आणि शक्यतो जिथे पुढे राहावंसं वाटतंय त्याच भागात घ्या, म्हणजे शाळा टिकण्याची शक्यता वाढेल. यात पैसे जास्त जातील. ते घराचा खर्च म्हणून मोजू नका, मुलीच्या स्थैर्याचा खर्च म्हणून मोजा.

ब्लू कार्डवर, म्हणजे उच्चशिक्षितांना नोकरीसाठी मिळणाऱ्या युरोपीय परवान्यावर, जाणार असाल तर जोडीदाराला व्हिसासाठी आधी जर्मनची परीक्षा द्यावी लागत नाही. तरीही यजमानांना पुण्यातच शिकायला लावा. बोट क्लब रोडला मॅक्सम्युलर भवन आहे, आणि या दोन-तीन महिन्यांत पायाची ओळख सहज होते. घरमालकाच्या फोनला दोन वाक्यं जर्मनमधून बोलणारं कुणी असलं तर समोरच्याचा सूर बदलतो.

आता प्रत्यक्ष घराकडे येऊ. जाहिरातीतले 'दोन त्सिमर' म्हणजे आपला वन बीएचके. हॉल धरून खोल्या मोजतात आणि स्वयंपाकघर, न्हाणीघर त्यात धरत नाहीत. तुम्हाला तिघांना तीन त्सिमर लागतील, सुरुवातीला दोनमध्येही भागेल. दोन भाडी दिसतील. काल्टमीटे म्हणजे नुसत्या जागेचं भाडं. वार्ममीटेमध्ये हीटिंग, पाणी, कचरा, जिन्याची सफाई यांचा अंदाजी खर्च धरलेला असतो. वर्षाअखेरीस त्या अंदाजाचा हिशेब होतो आणि हीटिंग जास्त वापरलं असेल तर फरक भरावा लागतो. विजेचा करार बहुतेक वेळा वेगळा असतो, इंटरनेटचा तर असतोच. त्याशिवाय प्रत्येक घराला महिन्याला १८.३६ युरो रेडिओ-टीव्हीची वर्गणी द्यावी लागते, टीव्ही असो वा नसो. घरमालक साधारण असं बघतात, की हातात येणारा पगार भाड्याच्या तिप्पट हवा. तुमच्या ३,९०० मध्ये वार्ममीटे १,३०० पर्यंत बसते. एवढ्यात रिंगच्या आत, म्हणजे शहराभोवती गोल फिरणाऱ्या एस-बान या लोकल गाडीच्या मार्गाच्या आत, तीन खोल्या मिळणं कठीण आहे. बाहेर मिळू शकतात.

पुण्याच्या माणसाला सगळ्यांत मोठा धक्का बसतो तो स्वयंपाकघरात. फर्निचर नसलेल्या बऱ्याच घरांत ओटा नसतो. शेगडी, सिंक, कपाटं काही नसतं. भिंतीतून पाण्याचे दोन नळ बाहेर आलेले असतात, जमिनीजवळ शेगडीच्या जोडणीची चौकोनी डबी आणि छताला दिव्याच्या जागी लोंबणाऱ्या वायरी. आधीचा भाडेकरू आपलं स्वयंपाकघर घेऊन गेलेला असतो. काही वेळा तो ते तिथेच ठेवून तुम्हाला विकायला तयार असतो. हे गैर नाही, फक्त किंमत वाजवी आहे ना ते बघा आणि काय काय मिळणार ते लिहून घ्या. जाहिरातीत 'आइनबाउक्यूखे' असा शब्द असेल तर स्वयंपाकघर बसवलेलं आहे असं समजा. नवं बसवायचं तर दोन-अडीच हजार युरो आणि काही आठवडे धरून चाला. तोवर विजेच्या एका शेगडीवर वरण-भात होतो.

अर्जाची फाइल पुण्यातच तयार करा. एकाच पीडीएफमध्ये नोकरीचा करार, आत्ताच्या कंपनीच्या शेवटच्या तीन पगारपावत्या आणि नव्या कंपनीचं शिफारसपत्र ठेवा; पासपोर्ट आणि व्हिसा यांच्या प्रती वेगळ्या ठेवा. जर्मनीत भाडेकरूची पत शूफा नावाच्या संस्थेच्या दाखल्यावरून बघतात. तुमचा तो सुरुवातीला नसणार. त्याऐवजी बँकेतली शिल्लक दाखवा, आणि पुण्यात कधी भाड्याने राहिला असाल तर भाडं थकलेलं नाही असं त्या घरमालकाकडून इंग्रजीत लिहून घ्या. सोबत पानभर पत्र जोडा: आपण कोण, किती जणं, किती काळ राहायचा विचार आहे. ते जर्मनमध्ये करून घ्या. आणि पासपोर्टची प्रत घर बघण्याआधी कुणालाही देऊ नका, देताना तिच्यावर "फक्त घराच्या अर्जासाठी" असं आडवं लिहा.

खासगी साइटइतकंच लक्ष सरकारी मालकीच्या सहा गृहकंपन्यांकडे द्या. देगेवो, गेझोबाउ, गेवोबाग, होवोगे, श्टाट उंड लांट आणि डब्ल्यूबीएम. या सगळ्यांची रिकामी घरं 'इनबर्लिनवोनेन' या एकाच साइटवर दिसतात. त्यांतली बरीच कमी उत्पन्नाच्या दाखल्यावरच मिळतात, पण उरलेल्यांसाठी तुम्ही अर्ज करू शकता, आणि तिथे फसवणुकीची भीती नाही.

आपली माणसं कुठे राहतात, या प्रश्नाचं उत्तर असं, की सगळीकडे पसरलेली आहेत. लंडनच्या साउथॉल किंवा वेम्ब्लीसारखी भारतीय वस्ती बर्लिनमध्ये नाही. पण या प्रश्नामागचं तुम्हाला नेमकं काय हवंय ते वेगळं काढा. कोथिंबीर, भेंडी, डाळी हव्या असतील तर नॉयक्योल्न, क्रॉइत्सबेर्ग किंवा वेडिंगमधल्या तुर्की आणि अरबी दुकानांत सगळं मिळतं. मायबाखउफरच्या कालव्याकाठी मंगळवारी आणि शुक्रवारी बाजार भरतो, तिथे जुड्या आपल्यासारख्याच मोठ्या असतात. गणपतीला, दिवाळीला मराठी माणसं भेटावीत असं असेल तर ती अर्ध्या-पाऊण तासाच्या प्रवासावर असतातच, शेजारीच असायला हवीत असं नाही. मुलीला खेळायला कुणी हवं असेल तर ते शाळेतलं मूल असेल, मग ते तुर्की असो, युक्रेनी असो की व्हिएतनामी. तेव्हा आधी ऑफिस नकाशावर ठेवा आणि तिथून एस-बान किंवा उ-बानने, म्हणजे मेट्रोने, चाळीस मिनिटांच्या आत काय येतं ते बघा. लिश्टेनबर्ग, पांको, श्पांडाऊ, क्योपेनिक ही नावं लांबची वाटतील, पण तिथे बागा आहेत, शाळा आहेत आणि गाडी दर काही मिनिटांनी आहे. पूर्व बर्लिनमधल्या काँक्रीटच्या उंच इमारती बाहेरून रुक्ष दिसतात म्हणून नाकारू नका. आत उजेड असतो, लिफ्ट असते आणि भाडं त्या मानाने आटोक्यात असतं.

सासूबाईंना एक गोष्ट मुद्दाम सांगा. पुण्यात भाड्याचं घर म्हटलं की अकरा महिन्यांचा करार आणि मग पुन्हा सामान आवरायची टांगती तलवार. बर्लिनमध्ये दर शंभरांतली ऐंशीहून जास्त घरं भाड्याचीच आहेत आणि नेहमीच्या कराराला मुदतच नसते. तुम्हाला सोडायचं असेल तर तीन महिने आधी कळवायचं. मालकाला मात्र कारणाशिवाय काढता येत नाही. डिपॉझिट तीन महिन्यांच्या काल्टमीटेपेक्षा जास्त घेता येत नाही, ते तीन हप्त्यांत भरायचा तुम्हाला हक्क आहे आणि मालकाने ते स्वतःच्या पैशांपासून वेगळं ठेवायचं असतं. दलाली, ज्याने दलाल नेमला त्याने द्यायची, असा २०१५ पासून कायदा आहे. म्हणजे मालकाच्या दलालाने तुमच्याकडे पैसे मागितले तर देऊ नका. करार जर्मनमध्ये असेल. सहीआधी भाडेकरू संघाचं, बर्लिनर मीटरफेरआइनचं, सभासद होऊन तो तिथल्या सल्लागाराला दाखवा. वर्गणी फार नाही. 'श्टाफेल' (ठरलेल्या टप्प्यांनी वाढ) किंवा 'इंडेक्स' (महागाईप्रमाणे वाढ) हे शब्द दिसले तर भाडं कसं वाढत जाणार ते आधी समजून घ्या.

दुसऱ्या शहरांत निघालेल्यांनाही यातलं बरंच लागू आहे. ॲमस्टरडॅमलाही पत्त्याची नोंद आधी लागते आणि डिपॉझिट दोन महिन्यांच्या मूळ भाड्यापेक्षा जास्त घेता येत नाही. लंडनमध्ये नेहमीच्या घरांना पाच आठवड्यांच्या भाड्याची मर्यादा आहे, आणि मालकाने ती रक्कम ३० दिवसांत सरकारमान्य योजनेत ठेवायची असते. निघण्याआधी आपल्या शहराचे हे दोन नियम शोधा, नोंदणीचा आणि डिपॉझिटचा. बाकीचं तिथे पोचल्यावर कळत जातं.

घर मिळेल तेव्हा किल्ली घेताना घाई करू नका. मालकाच्या माणसाबरोबर प्रत्येक खोली फिरा. फरशीवरचे ओरखडे, खिडकीच्या कोपऱ्यातली बुरशी, नळाची गळती, मीटरचे आकडे आणि किल्ल्यांची संख्या, सगळं ताबा-पत्रकात लिहून दोघांच्या सह्या घ्या आणि फोटो काढा. सोडताना डिपॉझिट परत मिळतं ते यावरच. मग त्याच दिवशी खालच्या टपालपेटीवर आणि घंटीवर तुमच्या तिघांची आडनावं लावून घ्या. यजमानांच्या आणि मुलीच्या कागदांवर आडनाव वेगळं असेल तर तेही लावा. तिथे पोस्टमन फ्लॅट नंबर बघत नाही, नाव बघतो, आणि पेटीवर नाव नसलं तर टॅक्स नंबरचं पत्र आल्या वाटेने परत जातं.